डोक्यावरचा एक भारा

गेल्या डिसेंबरात मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हिश्श्याचा तांदूळ घरी आणला. एकशे तीस किलो, तीन पोती. टेम्पोवाल्याने इमारतीखाली पोती उतरवताना विचारले, "मॅडम, दुकान आहे का तुमचं?" मी म्हटले, "नाही, शेतातला आहे." त्याने माझ्या पर्सकडे आणि चपलांकडे पाहिले आणि पुढे काही विचारले नाही.

या तीन पोत्यांसाठी मी भावाची नाराजी पत्करली. चार महिने आमच्यात फोन नव्हता. हे सांगायचे तर आधी गाव सांगावे लागेल, कारण हे भांडण पैशाचे असते तर मी केव्हाच सोडून दिले असते.

पनवेलहून पेणच्या रस्त्याला लागले की कर्नाळ्याचा सुळका दिसतो, अभयारण्याची झाडी संपते आणि पुढे पाताळगंगेच्या खाडीचा पट्टा लागतो. आमचे गाव या पट्ट्यात आहे. नाव लिहीत नाही, गावात सगळेच एकमेकांचे नातेवाईक आहेत. कोकणी मुसलमानांची साठ-सत्तर घरे, पलीकडे आगऱ्यांची आळी, टेकडीच्या पायथ्याला कातकरी वाडी. घरातले पुरुष एक तर शेतावर किंवा जहाजावर. तिसरा धंदा माझ्या लहानपणी कोणाला ठाऊक नव्हता. आखात नंतर आले.

आमचे दादा खोताचे कूळ होते. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणारा जमिनीचा मालक मानला गेला, तेव्हा तीन एकर खार दादांच्या नावावर लागली. दादा लिहायला-वाचायला शिकलेले नव्हते, पण सातबारा त्यांनी कुरआनशरीफच्या फळीवर, वेगळ्या फडक्यात बांधून ठेवला होता.

खार म्हणजे काय, हे आमच्या पनवेलच्या इमारतीतल्या मुलांना समजावताना मला नेहमी वेळ लागतो. खाडीच्या कडेने मातीचा मोठा बांध घालायचा. भरतीचे पाणी बाहेर, शेत आत. बांधाला एक दार असते, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला पावसाचे साचलेले पाणी तिच्यातून खाडीत जाते आणि भरती आली की तिची झडप पाण्याच्या जोराने आपोआप मिटते. जूनच्या पहिल्या पावसांनी जमिनीतले मीठ धुऊन निघते, मग पेरणी. सगळीकडे रोपे काढून आवण होते, पण खाऱ्या जमिनीत पुष्कळदा मोड आणलेले बी थेट चिखलात फेकतात. त्याला रहू म्हणतात. पूर्वी 'काळा राता' आणि 'भुरा राता' या तांबड्या तांदळाच्या जाती असत. मीठ सहन करणारे दुसरे काही नव्हते. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा जाती काढल्या. अब्बा त्या केंद्रातून बी आणायचे आणि आमच्या शहराच्या नावाचे भात आहे म्हणून आम्हा मुलांना फार अभिमान वाटायचा. मुंबईच्या नावाचे भात कुठे आहे?

वरकस जमिनीवर उन्हाळ्यात राब भाजायचा. शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून वर माती टाकून पेटवायचे आणि त्या राखेत पुढे रोपे करायची. मे महिन्यातल्या संध्याकाळी सगळा गाव धुराने भरलेला असे. मगरिबची अजान त्या धुरातून यायची. पहिला पाऊस पडला की वलगणीचे मासे ओहोळातून उलटे वर चढत. त्या रात्री गावात कोणी झोपत नसे. अम्मी ओरडायची, पण अब्बा स्वतःच कंदील घेऊन निघालेले असत.

आवणीला कातकरी वाडीवरच्या बायका येत. डोक्यावर इरले, कमरेत वाकलेल्या, आणि हात असे चालत की बघत राहावे. आमच्या घरच्या बायकाही उतरत. पडद्याचा प्रश्न कधी निघाला नाही. चिखलात गुडघाभर उभे राहून कोण कोणाकडे बघणार? मला आठवतेय, बेणणीच्या वेळी दादी बांधावर बसून तसबीह ओढायची आणि मधूनच कोणाचे गवत राहिले ते दाखवायची. खेकड्यांनी बांधाला बिळे पाडली की अब्बांचा जीव खालीवर होई. एका बिळातून भरतीचे पाणी शिरले तर वर्ष बुडाले.

मला मात्र सगळ्यात जास्त आठवते ते खळे. कापणी झाली की पेंढ्यांचे भारे बांधून आणायचे, शेणाने सारवलेल्या खळ्यात झोडायचे, वाऱ्यावर उफणायचे. मग मधोमध रास. त्या राशीजवळ चपला घालून जायचे नाही. अब्बा वजू करून येत. पायलीने माप सुरू होई आणि पहिल्याने उश्र बाजूला निघे. पावसाच्या पाण्यावरचे पीक, म्हणून दहावा हिस्सा. विहिरीच्या किंवा पंपाच्या पाण्यावर खर्च करून भिजवलेले असते तर विसावा. सूरह अनआममध्ये कापणीच्या दिवशीच पिकाचा हक्क देऊन टाकण्याचा हुकूम आहे, आणि अब्बा 'दिवशीच' या शब्दाला फार धरून होते. भात एकदा घरात गेले की नियत बदलते, असे ते म्हणत. ज्यांना द्यायचे ती माणसे खळ्यावर आलेली असत: दोन विधवा, एक आंधळे चाचा, मशिदीतला परगावचा तालिब. उश्र निघाल्यावर कातकरी बायकांचे मजुरीचे भात, नांगर दुरुस्त करणाऱ्या सुताराचे भात. आणि मग तीन पोती शिवली जात. त्यांच्यावर अब्बा कोळशाने उर्दूत एकेक नाव लिहीत. ही तिन्ही नावे माझ्या फुफींची होती.

मोठी फुफी उरणकडे दिलेली, मधली पनवेलच्या मोहल्ल्यात, धाकटी तळोज्याकडे. दादांच्या इंतिकालानंतर तिघींनी हक्कसोडपत्रावर अंगठे दिले होते. "भावाकडे हिस्सा मागितला तर माहेर तुटतं," हे वाक्य मी आमच्या घरात इतक्यांदा ऐकले आहे की मला ते लहानपणी हदीसच वाटायचे. तिघींनी तीन एकरांतला आपला हक्क सोडला आणि त्याबदल्यात, कागदावर कुठेही न लिहिलेले, दरसाल एक पोते तांदूळ. अब्बा भात गिरणीतून काढून एसटीच्या टपावर टाकून स्वतः पोचवायला जात. मधल्या फुफीकडे जाताना मीही जायची. पोते उतरले की ती आधी त्याला हात लावायची, मग अब्बांना सलाम. आम्ही निघताना गेल्या वर्षीचे रिकामे पोते घडी करून परत द्यायची.

अब्बा चांगला भाऊ होते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचे वाचून कोणाला वेगळे वाटू नये. २६ जुलै २००५ चा पाऊस आमच्याकडच्या कोणीच विसरणार नाही. पनवेलमध्ये गाढीचे पाणी घरांत शिरले आणि गावात त्याच भरतीत खाडीचा बांध फुटला. मोठी खांड पडली. तीन वर्षे शेतात भाताऐवजी खारे पाणी उभे होते. पहिल्या वर्षी अब्बांनी पनवेलच्या बाजारातून तांदूळ विकत घेतला, घरच्या जुन्या पोत्यांत भरला, कोळशाने नावे लिहिली आणि नेऊन पोचवला. मला बरोबर येऊ दिले नाही. नंतर मधल्या फुफीने मला सांगितले, "पहिल्या उकळीलाच कळलं मला, हा आपला तांदूळ नाही. खाराच्या तांदळाला मीठ कमी लागतं." हे खरे आहे की नाही मला माहीत नाही. माझ्या जिभेला तो फरक कधी कळला नाही. पण तिला कळला आणि तिने अब्बांना त्यांच्या मरणापर्यंत ते कळू दिले नाही.

बांध पुढे दुरुस्त झाला, पण शेत पूर्वीसारखे राहिले नाही. मजुरी वाढली, बैल विकले, अब्बांचे गुडघे गेले. एका बाजूला तिवरे उगवू लागली. खाडीकाठचा माणूस तिवरांना घाबरतो. कांदळवन तोडायला कायद्याने बंदी आहे आणि ती बंदी योग्यच आहे, खाडीचे मासे त्यांच्याच मुळांत वाढतात. पण आपले शेत चार-पाच वर्षे पडीक ठेवले आणि त्यात ती वाढली, की ते शेत पुन्हा शेत होत नाही. पोती आधी तीनाची दोन झाली, कारण मोठी फुफी वारली. मग एके वर्षी कोणाकडेच गेले नाही.

फुफींच्या पोत्यांचे हे मी एकट्या आमच्या घरचे सांगत नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये जासईला शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण शहीद झाले, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. मोठ्या लढ्याचे मोठे यश आहे ते. पण सातबाऱ्यावर ज्याचे नाव, त्याला मोबदला, त्याला भूखंड. ज्या बहिणींनी भात खायचे म्हणून हक्क सोडला होता, त्यांची नावे तिथे नव्हती. भात होते तोवर त्यांना पोते येत होते. भाताचा चेक झाला आणि चेकमधून पोते निघत नाही. आमच्या नात्यात दोन घरांत या कारणावरून सख्ख्या भावाबहिणींनी जनाजाही वेगवेगळ्या दाराने पाहिला.

अब्बा चार वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारे झाले. अम्मी आधीच गेली होती. मागे आम्ही चौघे: दोन भाऊ, दोन बहिणी. हिशेब सोपा आहे. सूरह निसाप्रमाणे मुलाला दोन, मुलीला एक, म्हणजे सहा वाटे. तीन एकरांचे १२० गुंठे, भावांना चाळीस-चाळीस, आम्हा बहिणींना वीस-वीस. तलाठ्याकडे वारस नोंद झाली तेव्हा चौघांचीही नावे लागली. १९३७ च्या शरीयत कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे आणि काही राज्यांत त्यामुळे मुलींना शेतातून डावलणे सोपे गेले, हे मला नंतर कळले. आमच्याकडे ती अडचण आली नाही. कायद्याने काही अडवले नाही. अडवायला आम्हीच होतो.

भाईजान पनवेलमध्ये धंदा करतात. २०१३ मध्ये विमानतळाच्या आजूबाजूला 'नैना'चे क्षेत्र जाहीर झाले तेव्हापासून आमच्या बाजूला दलाल फिरू लागले होते. भाईजानने एका शनिवारी जेवायला बोलावले. भाभीने सांदणे केली होती. जेवण झाल्यावर भाईजान म्हणाले, "सोमवारी रजिस्ट्रार ऑफिसला यायचंय दोघींनी. हक्कसोडचं बघून टाकू. अर्धी सुट्टी टाक." इतके साधे. जणू लाइट बिल भरायचे होते.

बहीण हो म्हणाली. माझ्याही तोंडून हो निघाले.

आता यात माझी लाज सांगते. दर रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांच्या इज्तिमात मी मीरासवर बोलते. फळ्यावर वाटे मांडून दाखवते. नमाजाच्या रकअती कुरआनात मोजून दिलेल्या नाहीत, पण मुलीचा हिस्सा मोजून दिला आहे, हे मी दर वर्षी सांगते आणि बायका माना डोलावतात. आणि भावाच्या ताटात जेवून मी दोन मिनिटांत हो म्हणाले. घरी आल्यावर इशाची नमाज पढताना मला एकही सूरह नीट आठवेना.

त्याच आठवड्यात धाकट्या भावाचा फोन आला. तो जहाजावर आहे. त्यांचे जहाज दुरुस्तीसाठी इंडोनेशियात मकास्सर बंदराला थांबले होते आणि सोबतचा एक खलाशी त्याला आपल्या गावी घेऊन गेला होता. ते लोक बुगिस. सुलावेसी बेटाच्या दक्षिण भागातले, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मुसलमान झालेले, आणि आमच्यासारखेच शाफई. आमच्यासारखेच एक पाय शेतात आणि एक जहाजात. भाऊ व्हिडिओवर दाखवत होता: डोळे पोचतील तिथवर भातशेती, मध्ये नारळ, बांधावरून चालणारी पोरे. मला वाटले, नागोठण्याच्या बाजूचे काही दाखवून हा माझी चेष्टा करतोय. फक्त घरे वेगळी. लाकडी खांबांवर उचललेली, खाली मोकळी जागा. तिथे नांगर, कोंबड्या, मोटरसायकल. मधल्या मजल्यावर माणसे आणि छपराखालच्या माळ्यावर भात. आपल्या घरात कणगी माजघरात, त्यांची सगळ्यांच्या डोक्यावर.

कापणीनंतर ते लाकडी द्रोणीत मुसळांनी ताल धरून नवे भात कांडतात, गाव जमते. त्यात भाताच्या जुन्या देवीची आठवण आहे म्हणून तिथल्या काही उलेमांना ते पसंत नाही, आणि म्हाताऱ्यांना सोडवत नाही. हे ऐकून मला हसू आले. आमच्याकडे नव्या तांदळाच्या खिरीवर फातिहा द्यायची की नाही, यावर दरसाल हेच होते. शेत दुसऱ्याला वाट्याने लावायला द्यायची त्यांचीही पद्धत आहे, 'तेसेंग' म्हणतात. आपली अर्धेल.

मग तो म्हणाला, "आपा, यांच्या म्हातारीनं मला विचारलं, तुला बहिणी किती? मी म्हटलं दोन. तर म्हणाली, मग तुमचे भारे किती झाले?" त्याला कळेना. तेव्हा तिने समजावले. बुगिसांत म्हण आहे: पुरुष खांद्यावर वाहतो, बाई डोक्यावर वाहते. खांद्यावरच्या बांबूला दोन टोकांना दोन भारे, डोक्यावर एक. मुलाचे दोन वाटे, मुलीचा एक. अरबी न येणाऱ्या शेतकऱ्यांनी सूरह निसाचा हिशेब भाताच्या भाऱ्यांत लक्षात ठेवला आहे. म्हातारीच्या स्वतःच्या नावावर तिच्या बापाचे शेत होते. खाली उभी राहून ती कापणाऱ्यांना हुकूम सोडत होती, तेही भावाने मला दाखवले.

"आणि तुझा भारा?" तो म्हणाला. "सोमवारी सही करताय म्हणे दोघी. भाईजान बोलले मला." मी म्हटले, "तुला काय करायचंय, तुझाच फायदा आहे." तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला पंचाहत्तर टक्के पगार दर्याने दिलाय. जमीन मी बघत पण नाही. पण मला फुफींची पोती आठवतात. त्यांना आपण त्यांचंच भात खैरातीसारखं देत होतो ना?"

मी या बाजूने कधी विचार केला नव्हता. मला ती पोती नेहमी अब्बांची मोहब्बत वाटली. ती होतीच. पण मधल्या फुफीचा हात पोत्यावर कसा यायचा, अब्बांना सलाम करायच्या आधी, हे मला त्या रात्री पुन्हा दिसले.

रविवारी मी भाईजानकडे गेले आणि सही करणार नाही म्हणून सांगितले. त्यांची बाजूही लिहिते. अब्बांच्या आजारपणाचा निम्म्याहून जास्त खर्च त्यांनी केला. बांधाच्या डागडुजीला गावकीत पैसे तेच भरत आले. आम्ही बहिणी ईदला येऊन जेवून जात होतो. ते म्हणाले, "मग आजारपणाचं बिल पण सहा वाट्यांत करू या का?" मी म्हटले, "करा. माझा वाटा सांगा." ते खरोखरच चिडले. मी तसे म्हणायला नको होते, निदान त्या सुरात. बापाच्या औषधाचा हिशेब भावाबहिणींनी काढावा, यासारखी वाईट संध्याकाळ नाही. पण हिशेब दोघांनीही काढला होता, फक्त त्यांनी तो आधी मनात केला होता.

भाभी दारापर्यंत सोडायला आली. मला वाटले ती रागावली असेल. ती हळूच म्हणाली, "मी पण दिली होती सही, आपा. माझ्या भावांनी तर जेवायला पण नाही बोलावलं. कागद घेऊन आले घरी."

बहिणीने सोमवारी सही केली. तिला दोष देत नाही. मनापासून, राजीखुशीने आपला हिस्सा भावाला दिला तर शरीयतमध्ये हरकत नाही, उलट ती भलाई आहे. प्रश्न फक्त इतकाच असतो की तो राजीखुशीने होता का, आणि ते बहिणीलाच माहीत. हिस्सा आधी तिच्या हातात द्या, एक वर्ष तिला त्याचे भात खाऊ द्या, मग ती काय करते बघा. आमच्या मौलानांना मी विचारले तेव्हा तेही जवळपास असेच बोलले.

माझे वीस गुंठे बांधाच्या बाजूचे. एका टोकाला तिवरांची रोपे आली होतीच. ते टोक मी सोडले. बाकीचे आगरी आळीतल्या एका शेतकऱ्याला अर्धेलीने लावायला दिले. त्यांच्या वडिलांनी आणि अब्बांनी एकाच जोडीने नांगरले होते. बियाण्याचे आणि पॉवर टिलरचे अर्धे पैसे माझे. जुलैत एक रविवार मी स्वतः चिखलात उतरले, अर्ध्या तासात कंबर धरून बांधावर बसले आणि कातकरी वाडीवरच्या बायका खूप हसल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "तुझी आजी पण अशीच बसायची, पण ती बोलायची लय." ऑगस्टमध्ये दोन वेळा खाडीचे पाणी उघाडीतून मागे आले. झडपेत ओंडका अडकला होता. त्या दिवशी शाळेत माझे कशातच लक्ष नव्हते. अब्बांचा जीव खालीवर का व्हायचा, हे समजायला मला स्वतःचे वीस गुंठे लागले.

नोव्हेंबरात माझ्या वाट्याला सव्वादोन क्विंटल भात आले. आम्ही शाफई. आपल्याकडे धान्याच्या उश्रचा निसाब पाच वसक, म्हणजे साधारण साडेसहाशे किलो, आणि टरफलासकट भात असेल तर त्याची दुप्पट. माझे भात त्याच्या जवळपासही नव्हते, उश्र वाजिब नव्हता. तरी मी खळ्यावरच, म्हणजे आता ताडपत्रीवर, बावीस किलो बाजूला काढले. कोणाला द्यायचे, हा खरा प्रश्न पडला. खळ्यावर येणारे कोणी उरले नाही. ज्यांना गरज आहे ते आता पनवेलला भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि त्यांना भात नको, तांदूळ हवा असतो. कातकरी वाडीवर विचारले. तिथल्या एका म्हातारीने सालासकट भात घेतले आणि पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढून वास घेतला.

त्याच दिवशी भाईजान आले. चार महिन्यांनी. मोटरसायकल बांधावर लावली, काट्याजवळ उभे राहिले, आकडा बघितला. म्हणाले, "अब्बांच्या वेळी एवढ्यात जास्त यायचं." मी म्हटले, "अब्बा होते." मग त्यांनी दोन पोती स्वतः शिवली. दाभण त्यांच्या खिशात होते, म्हणजे ते शिवायच्याच तयारीने आले होते. त्यांच्या चाळीस गुंठ्यांचे काय करायचे, यावर आम्ही अजून बोललेलो नाही. दलाल येतच असतात.

तीन फुफींपैकी आता फक्त धाकटी आहे. वय ऐंशीच्या पुढे, नजर गेलेली. पंधरा किलोची पिशवी घेऊन मी तळोज्याला गेले. तिला सांगितले, हे बांधाकडच्या शेतातले आहे, माझ्या वाट्याचे. तिने पिशवीत हात घातला, दाणे बोटांत चोळले आणि नातसुनेला लगेच एक वाटी शिजवायला लावली. आम्ही तोवर बसून राहिलो. ताट आल्यावर तिने नुसता भात, वर काही न घेता, दोन घास खाल्ला.

"आपलाच आहे," ती म्हणाली. "पण गो, गिरणीवाल्याला सांग, एवढा पांढरा नको करू. सगळी चव कोंड्यात घालवलीन मेल्यानं."